फायटर जेटमधले आरसे सिममध्ये कितपत खरे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिम, म्हणजे संगणकावर विमान उडवायचे सिम्युलेटर, उडवणाऱ्यांकडून आरशांबद्दल पुन्हापुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. उदाहरणं मुख्यतः डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिममधली आहेत, कारण आपल्यातले बहुतेक जण तेच उडवतात. त्यामागचं तंत्र मात्र जवळपास सगळ्याच सिमना लागू पडतं. नवे असाल तर पहिल्यापासून वाचा. फक्त चित्र विचित्र दिसतंय एवढीच तक्रार असेल, तर थेट प्रश्न ५ वर जा.

१. एवढं रडार-बिडार असताना लढाऊ विमानाला आरसे कशाला लागतात?

रडार नाकात असतं आणि ते पुढचं बघतं. कोणाचं रडार तुमच्यावर रोखलंय हे सांगणारी यंत्रणा असते, पण उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र स्वतः कुठल्याही लहरी सोडत नाही, आणि तोफेची गोळी तर नाहीच नाही. त्यामुळे शेपटीमागे कोण आहे हे शेवटी डोळ्यांनीच बघावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरच्या पुढच्या काचेवर आरसा बसवलेला असायचा, तो याच कारणासाठी.

जेटमध्ये आरशाची रोजची कामं फारच साधी आहेत: जोडीदार विमान जागेवर आहे का, आपल्यामागे पांढरी वाफेची रेघ उमटते आहे का, धूर तर निघत नाही ना. वाफेची रेघ तुमचा पत्ता २०-३० किलोमीटरवरूनही सांगू शकते. ती आरशात दिसली की उंची बदलायची. सिममध्ये आरशाचा हा सगळ्यात उपयोगी वापर आहे, आणि तोच कोणी करत नाही.

२. सगळ्या विमानांत आरसे सारखेच असतात का?

नाही. एफ-१५, एफ/ए-१८ आणि मिराज २००० मध्ये कॅनॉपीच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाच्या, पुढच्या कमानीवर छोटे आरसे असतात, गाडीतल्या आरशासारखेच, फक्त एकाऐवजी दोन-तीन. मिग-२१ बिसची गोष्ट वेगळी आहे. तिच्या पाठीवरचा उंचवटा इतका मोठा आहे की मान वळवून मागे काही दिसत नाही. म्हणून कॅनॉपीच्या माथ्यावर मधोमध एक छोटं बंदिस्त खोकं बसवलंय, पेरिस्कोपच्या जातीचं. वैमानिक नुसते डोळे वर करून त्यात बघतो.

ही मिग आपल्याला परकी नाही. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ चे एफएल, एम आणि बिस असे तीन प्रकार बनले. भारतीय हवाई दलात १९६३ पासून असलेली मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाली. डीसीएसमध्ये बिस २०१४ पासून आहे, आणि तिच्या माथ्यावरचं ते खोकंही तिथे आहे. त्याबद्दलचे खास प्रश्न १३ मध्ये घेतलेत.

३. माझ्या कॉकपिटमध्ये आरसे काळे किंवा मिटलेले दिसतात. बिघडलंय का काही?

काही बिघडलेलं नाही. डीसीएसमधल्या बहुतेक विमानांत ‘एम’ ही कळ दाबली की आरसे चालू-बंद होतात. फ्रेमरेटवर (सेकंदाला किती चित्रं निघतात त्यावर) ताण पडतो म्हणून अनेक जण ते बंद ठेवतात. हे बटण जॉयस्टिकवर घेऊन ठेवा, कारण ऐन झटापटीत कीबोर्ड चाचपडायला वेळ नसतो.

४. आरसे चालू केले की फ्रेमरेट एवढा का घसरतो? इवलासा तर आरसा!

कारण आरशाच्या आकाराचा इथे फारसा संबंध नाही. आरशात दाखवायचं म्हणजे मागचं जग दुसऱ्यांदा काढायचं: जमीन, झाडं, इमारती, विमानं, सगळं. चित्र लहान असलं की ग्राफिक्स कार्डाचे कष्ट कमी होतात, पण प्रोसेसरला प्रत्येक वस्तूचा हिशेब पुन्हा करावाच लागतो.

सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून खेळताना, ९० हवी असतील तर फक्त ११.१. त्यात आरशाने दोन-तीन मिलिसेकंद खाल्ले तर काय होईल ते उघड आहे. म्हणून सिम बनवणारे काटकसर करतात: आरशात सावल्या नाहीत, लांबच्या वस्तू नाहीत, कधी ढग नाहीत, आणि चित्र दर फ्रेमला न बदलता एकदोन फ्रेम सोडून बदलायचं. डीसीएसमध्ये ‘कॉकपिट डिस्प्लेचं रिझोल्यूशन’ अशी जी सेटिंग आहे, ती आरशांनाही लागू होते. तिच्यात ‘एव्हरी फ्रेम’ निवडलं की आरसा गुळगुळीत चालतो आणि बाकी सगळं अडखळतं. माझ्या जुन्या कार्डावर तो पर्याय निवडला की पंखा असा ओरडायचा की शेजारच्या खोलीतून विचारणा व्हायची.

५. मी डोकं हलवतो, पण आरशातलं चित्र हलत नाही. हे खरं कसं?

हे खरं नाहीच, आणि आरशांच्या बाबतीत सिमची सगळ्यात मोठी लबाडी हीच आहे.

खरा सपाट आरसा म्हणजे एक छोटी खिडकी. तिच्यातून काय दिसेल हे डोळा कुठे आहे त्यावर ठरतं. १० सेंटिमीटर रुंद आरसा डोळ्यापासून ५० सेंटिमीटरवर असेल, तर त्यात मागचं जेमतेम ११ अंशांचं जग दिसतं. डोकं १० सेंटिमीटर उजवीकडे नेलं, की दृश्य तेवढ्याच ११ अंशांनी डावीकडे सरकतं, म्हणजे आरशात पूर्ण नवीन चित्र येतं. आरशाजवळ झुकून अंतर २५ सेंटिमीटरवर आणलं तर रुंदी साधारण दुप्पट होते. खरा वैमानिक आरसा असा ‘वापरतो’: डोकं थोडं इकडे-तिकडे करून मागचं आकाश झाडून काढतो.

बहुतेक सिममध्ये विमानावर एक अदृश्य कॅमेरा मागे तोंड करून ठोकलेला असतो. त्याचं चित्र आरशाच्या काचेवर चिकटवतात. डोकं कुठेही न्या, कॅमेरा जागचा हलत नाही. कित्येकदा तिन्ही आरसे एकाच कॅमेऱ्याच्या चित्राचे तुकडे दाखवतात. थोडक्यात, कमानीवर आरसा नसून छोटा टीव्ही लटकवलेला आहे.

बरोबर पद्धत अवघड नाही, महाग आहे. डोळ्याची जागा आरशाच्या पलीकडे उलटवायची, तिथे कॅमेरा ठेवायचा आणि आरशाच्या चौकटीतून बघायचं. पण हे प्रत्येक आरशासाठी वेगळं करावं लागतं. तीन आरसे आणि व्हीआरचे दोन डोळे धरले, तर जग आणखी सहा वेळा काढावं लागेल. एकदाचाच खर्च केवढा, ते वरच्या प्रश्नात पाहिलंच.

६. मागचं विमान आरशात ठिपक्याएवढं दिसतं आणि दुसऱ्या क्षणी गोळ्या घालतं. अंतर चुकीचं दाखवतात का?

आकार चुकीचा दाखवतात, म्हणून तुमचा अंतराचा अंदाज चुकतो. इथे थोडं गणित करू या.

खऱ्या आरशात ११ अंश दिसतात असं वर म्हटलं. सिमवाल्यांना वाटतं की खेळाडूला मागचं बरंच दिसावं, म्हणून कॅमेऱ्याला समजा ६० अंशांची रुंदी देतात आणि ते सगळं त्याच ११ अंशांच्या जागेत कोंबतात. मग प्रत्येक गोष्ट साडेपाचपट लहान दिसते. १ किलोमीटरवरची मिग तुम्हाला साडेपाच किलोमीटरवर असल्यासारखी भासते. आपल्या गाड्यांच्या बाजूच्या आरशावर ‘वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत’ अशा अर्थाचं इंग्रजीत छापलेलं असतं. ते बहिर्वक्र आरशामुळे. सिममधला आरसा त्याच जातीचा, फक्त इशारा छापायचा राहिलेला.

आता पिक्सेल मोजा. मिग-२१ चे पंख ७.१५ मीटर. १ किलोमीटरवर ते साधारण ०.४१ अंश व्यापतात. चांगल्या डोळ्याला एका अंशात ६० बारकावे दिसतात, म्हणजे खऱ्या सपाट आरशात ही मिग सुमारे २५ ठिपके रुंद, ओळखू येण्याइतकी. सिमच्या आरशाचं चित्र ५१२ पिक्सेलचं आणि ६० अंशांचं असेल, तर तीच मिग साडेतीन पिक्सेलची. त्यातही १९२० पिक्सेल रुंद मॉनिटरवर ८० अंशांचं कॉकपिट दिसत असेल, तर अख्खा आरसाच पडद्यावर २५०-२६० पिक्सेलचा उरतो, आणि मिगच्या वाट्याला दोन पिक्सेलही येत नाहीत.

म्हणूनच नुसतं आरशाचं रिझोल्यूशन १०२४ केल्याने काहीच फरक पडला नाही, ही नेहमीची तक्रार रास्त आहे. फरक दिसतो तो आरशावर झूम केल्यावर. आणि ठिपका ठिपका म्हणून सोडू नका: मागचं विमान तुमच्याहून सेकंदाला ५० मीटर वेगाने येत असेल, तर १ किलोमीटर कापायला त्याला २० सेकंद पुरतात.

७. आरशातलं डावं-उजवं बरोबर आहे हे कसं तपासायचं?

खऱ्या आरशात उजव्या मागच्या बाजूची वस्तू उजवीकडेच दिसते. मागे बघणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र न उलटवता चिकटवलं तर ती डावीकडे दिसेल. तपासायला शत्रू लागत नाही. विमान डावीकडे कलवा. समोरच्या क्षितिजाचं डावं टोक वर जाईल. आरशातल्या क्षितिजाचंही डावंच टोक वर गेलं तर चित्र बरोबर उलटवलंय. विरुद्ध दिशेला कललं तर तो आरसा नसून मागचा कॅमेरा आहे, आणि त्यावर विसंबून वळलात तर शत्रूच्या तोंडात जाल.

नाक वर-खाली करताना मात्र उलट व्हायला हवं: नाक वर केलं की समोरचं क्षितिज खाली जातं आणि आरशातलं वर चढतं. पुष्कळ जण हे बघून ‘बग आहे’ म्हणून कळवतात. बग नाही, ते तसंच असतं.

८. व्हीआरमध्ये आरसा सपाट पोस्टरसारखा का वाटतो?

दोन्ही डोळ्यांना एकच चित्र दाखवतात म्हणून. खऱ्या आरशात मागचं विमान काचेवर नसतं, काचेच्या ‘पलीकडे’ दूरवर असतं. तिथे बघताना डोळ्यांना लांब बघावं लागतं. सिममध्ये चित्र काचेच्या पृष्ठभागावरच चिकटलेलं, ५० सेंटिमीटरवर. मेंदूला ते लगेच कळतं. मॉनिटरवर खेळणाऱ्याला ही चूक दिसत नाही, कारण त्याला सगळंच सपाट. त्यातून व्हीआरमध्ये डोकं सतत हलत असतं, त्यामुळे प्रश्न ५ मधली लबाडीही तिथेच जास्त खटकते.

९. आरशात मी स्वतः का दिसत नाही? निदान हेल्मेट तरी?

पुष्कळ सिममध्ये आतून बघताना वैमानिकाचं शरीर काढतच नाहीत, आणि आरशाचा कॅमेराही कॉकपिटच्या बाहेर, पाठीवर कुठेतरी ठेवलेला असतो. म्हणून आरशात ना सीट, ना कॅनॉपीची चौकट, फक्त मोकळं आकाश. प्रत्यक्षात तुमच्या हेल्मेटने आणि इजेक्शन सीटच्या डोक्याकडच्या भागाने आरशाचा चांगलाच भाग अडवलेला असतो. म्हणजे सिमचा आरसा चित्राच्या दर्जात खऱ्याहून वाईट, आणि अडथळ्यांच्या बाबतीत खऱ्याहून चांगला. ‘आरसे खरे आहेत का’ याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, ते यासाठीच.

१०. खरे आरसे थरथरतात का? ऊन चमकतं का?

दोन्ही होतं. विमान ओढून वळवताना हवा पंखांवरून सुटायला लागली की अख्खी चौकट हादरते, आणि काचेतला बारीक ठिपका त्या हादऱ्यात पुसला जातो. मागे सूर्य असेल तर आरसा डोळे दिपवतो. रात्री त्यात स्वतःच्याच कॉकपिटचे दिवे दिसतात. सिममध्ये कॉकपिट हादरलं तरी आरशातलं चित्र बहुधा शांत असतं. हा दोष मला फारसा टोचत नाही.

११. खरे वैमानिक डॉगफाइटमध्ये आरशात बघतात का?

लढाई सुरू होण्याआधी जास्त, सुरू झाल्यावर कमी. डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलो धरले, तर ७ जी वळणात (म्हणजे सगळ्याचं वजन सातपट होतं तेव्हा) मानेवर ४५ किलोंचा भार येतो. त्या अवस्थेत मागे वळून बघणं म्हणजे आधी मान वळवायची, मग जी वाढवायचा, आणि मान तिथेच अडकवून ठेवायची. काही विमानांत कॅनॉपीच्या कमानीवर धरायला मुठी असतात. त्यांना धरून वैमानिक अंग पिळतात. मान न वळवता बघायला मिळतं म्हणून आरसा इथे कामाचा वाटेल.

पण गोम अशी की जोरदार वळणात ज्याची खरी भीती, तो शत्रू बरोबर शेपटीमागे नसतो. तो वळणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे तुमच्या डोक्याच्या वर-मागे असतो, आणि आरशाच्या त्या ११ अंशांत तो येतोच असं नाही. आरसा रिकामा दिसतोय म्हणजे मागे कोणी नाही, असं मानून मारले गेलेले नवखे ऑनलाइन सर्व्हरवर रोज भेटतात. आरशात काही दिसलं तर मान वळवा. काही दिसलं नाही तरी वळवा.

१२. माझ्याकडे ट्रॅकआयआर आहे, मग आरसे बंदच ठेवू का?

आकाशात नुसतं जिंकायचं असेल तर ठेवा. डोक्याची हालचाल टिपून सिममधली नजर फिरवणारं ट्रॅकआयआर किंवा वेबकॅमवर चालणारं ओपनट्रॅक तुमची मान अनेकपटीने वाढवतं: खरी मान ३० अंश फिरली की सिममधली १५०. माणसाची मान एका बाजूला ७०-८० अंश वळते. पुढचं काम डोळ्यांनी आणि पिळलेल्या कमरेने करायचं असतं. सिममध्ये मात्र आपण सगळे घुबडं आहोत. तेही ७ जी खात, दुखल्याशिवाय.

म्हणून मी म्हणेन की आरशाच्या चित्रापेक्षा ही रबरी मान जास्त खोटी आहे. आरसा निरुपयोगी वाटतो तो मान फुकट असल्यामुळे. एक प्रयोग करून बघा: मान फिरण्याची मर्यादा दोन्हीकडे १२० अंशांवर बांधा आणि महिनाभर उडवा. आरशाकडे डोळे आपोआप जायला लागतात. व्हीआरवाल्यांना हा प्रयोग वेगळा करावा लागत नाही, त्यांची मान त्यांचीच असते.

ऑनलाइन खेळताना आरसे चालू असल्याने गैरफायदा मिळतो का, असंही विचारतात. प्रश्न ६ मधले दोन पिक्सेल आठवा. गैरफायदा फुकटच्या मानेचा आहे. आणि संगणकाने उडवलेली विमानं आरशात बघतच नाहीत, त्यांना तुमची जागा सिमच्याच हिशेबातून कळते.

१३. मिग-२१ बिसचा आरसा वर का असतो? आणि दोन सीटच्या मिगला बाहेर निघणारं आरशासारखं काय असतं?

बिसचा आरसा कॅनॉपीच्या माथ्यावर आहे, कारण खालून बघितलं तर पाठीचा उंचवटाच दिसेल. वरून बघितल्याने त्या पाठीवरून पलीकडे नजर जाते. त्यामुळे प्रश्न ९ मधली सीट-हेल्मेटची अडचण या विमानाला कमी. सिममध्ये बिसचा आरसा इतरांपेक्षा ‘बरोबर’ वाटतो तो यामुळेच. मुळातच जो पाठीवरून बघतो, तो पाठीवरच्या कॅमेऱ्याने दाखवला तर फारसं बिघडत नाही. थोडक्यात, इथे नाव घेतलेल्या जेटमध्ये सगळ्यात खरा आरसा सगळ्यात जुन्या विमानाला मिळालाय.

दोन सीटच्या मिग-२१ यूएममध्ये बाहेर निघतो तो पेरिस्कोप वेगळा. मागे बसलेल्या प्रशिक्षकाला पुढचं काही दिसत नाही, म्हणून उतरताना चाकं बाहेर आली की कॅनॉपीवरून पेरिस्कोप उभा राहतो आणि त्याला धावपट्टी दाखवतो. तो पुढे बघतो, मागे नाही. फोटो बघून या दोघांची गल्लत नेहमी होते.

१४. एफ-३५ ला आरशांची गरज उरली आहे का?

तिथे आरशाची कल्पनाच बदलली. विमानावर चहूबाजूंनी सहा इन्फ्रारेड कॅमेरे आहेत आणि त्यांचं चित्र वैमानिकाच्या हेल्मेटच्या काचेवर येतं. मान खाली घातली तर जमीन ‘विमानातून आरपार’ दिसते. गंमत म्हणजे प्रश्न ५ मध्ये ज्याला मी लबाडी म्हटलं, कॅमेऱ्याचं चित्र काढून डोळ्यांसमोर धरणं, तेच इथे खरं तंत्र आहे. अशा विमानाचं सिम करताना कॅमेरा वापरला तर तक्रारीला जागा नाही. मात्र चित्र डोक्याच्या हालचालीप्रमाणे फिरलं पाहिजे.

१५. पुढे रे-ट्रेसिंग आलं की हे सगळं सुटेल ना?

रे-ट्रेसिंग म्हणजे प्रकाशकिरणांची वाट मोजून चित्र काढणं. त्यात डोळ्यातून निघालेला किरण आरशावर आपटून मागच्या जगात जाईल, म्हणजे डोकं हलवणं, दोन डोळे, आरशाचा फुगीरपणा हे सगळं आपसूक बरोबर येईल. खर्च सुटणार नाही: तुमच्या पाठीमागचं शेकडो चौरस किलोमीटर जग तेवढ्याच बारकाव्याने तयार ठेवावं लागेल. काही गेममध्ये पाणी आणि काचांसाठी पडद्यावरच्याच चित्रातून प्रतिबिंब काढायची स्वस्त युक्ती वापरतात. ती इथे चालत नाही, कारण आरशात जे हवं ते पडद्यावर मुळात नसतंच.

१६. मी घरी लाकडाचं कॉकपिट बनवतोय. कमानीवर खराखुरा आरसा लावू का?

लावा, छान दिसेल. त्यात तुमची मागची भिंत दिसेल, आणि कपाटावर ठेवलेल्या सुटकेस.

गमतीचा भाग सोडला तर यात एक खरा अपवाद आहे. हवाई दलांच्या काही सिम्युलेटरमध्ये वैमानिकाभोवती गोल घुमट असतो आणि त्यावर चहूबाजूंनी चित्र पाडतात. चित्र पाठीमागेही असेल, तर साधा काचेचा आरसा कुठलंही सॉफ्टवेअर न लागता काम करतो, डोकं हलवल्यावर दृश्यही सरकतं. तरी एक गोष्ट चुकतेच: घुमटाचा पडदा काही मीटरवर असतो, खरं आकाश तसं नसतं. त्यामुळे १० सेंटिमीटर झुकल्यावर आरशाच्या चौकटीत शत्रूचं विमान जिथे सरकायला हवं, त्यापेक्षा थोडं दुसरीकडेच सरकतं. घरी करायचंच असेल तर आरशाच्या मापाचा छोटा डिस्प्ले कमानीवर बसवा. टीव्हीच लावायचा, तर निदान तो टीव्ही आहे हे आपल्याला माहीत असतं.